सलीम, तुझा पडदा काळाच आहे

सलीम, तुझ्या शोकसभेला मी हॉलात नव्हतो. भिंतीपलीकडे लॅबमध्ये बसून तुझ्या त्या नव्या लिनक्सला शिव्या देत होतो. मशीनला, संस्थेला आणि सगळ्यात जास्त तुला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तू समोर बसलेला असताना तरी मी तुझ्याबद्दल कधी चांगलं बोललो होतो? आता एकदम कुठून सुरू करू?

शाळेच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लागलाय. बघितलास तर तूही थुंकशील. तुझा फोटो कोपऱ्यात, टिकलीएवढा, आणि संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो अर्धा फ्लेक्स व्यापून बसलेला. तुझे गाल कुणीतरी गुलाबी करून ठेवलेत. आयुष्यभर उन्हातान्हात शहाद्याहून मोटारसायकल हाणत आलेला माणूस, त्याला मेल्यावर पावडर लावली. मला शिसारी आली. तुला मातीत ठेवून आलो तेव्हा मीसुद्धा मूठभर माती टाकली होती. नखातली ती माती निघायच्या आत इकडे ह्यांचा फ्लेक्स छापून तयार होता.

तुझ्यामाझ्यात काय होतं हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. लोणखेड्याला कॉलेजात एका बाकावर बसलो. तू शहाद्याच्या शिंप्यांच्या घरातला, मी कळसाडीचा कापूस-उसातला. पुढे एकाच शाळेत लागलो. तू विज्ञान आणि कॉम्प्युटर, मी मराठी. रोज मधल्या सुट्टीत डबा उघडायचा आणि भांडायला बसायचं. रमजानमध्ये तू काही खायचा नाहीस, तरी माझ्या डब्यासमोर येऊन बसायचास आणि भांडण चालू ठेवायचास. उपाशीपोटी तर तू जास्तच वाद घालायचास. मी म्हणायचो, जा बाबा, मला दोन घास सुखानं खाऊ दे. तू जायचा नाहीस.

आणि वाद कशावर? तर ह्या लिनक्सवर. कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेली मशीनं तू उचलून आणलीस, धूळ झटकलीस, त्यांच्यावर विंडोजच्या जागी ते फुकटचं लिनक्स चढवलंस आणि लॅब उभी केलीस. मुमताजआपानं, तुझ्या मोठ्या बहिणीनं, दुकानात उरलेल्या कापडाची कव्हरं शिवून दिली, प्रत्येक मशीनला वेगळ्या रंगाचं. दारात चपला काढायच्या, हा तुझा नियम. मुलं रांगेनं आत यायची, कव्हरं घडी करून ठेवायची आणि मग बसायची. ब्राह्मणपुरीच्या ज्या पोरींनी घरी टीव्हीचा रिमोट हातात धरला नव्हता, त्या तुझ्या मशीनवर चित्रं काढायच्या, गणितं सोडवायच्या. हे सगळं ठीक. ह्याला माझा विरोध नव्हता.

माझा विरोध तुझ्या खाजेला होता. चालतंय ते चालू द्यायचं नाही, ही तुझी खाज. नवीन आवृत्ती आली की तुझे हात शिवशिवायचे. माझी प्रश्नपत्रिका अर्धी टाइप झालेली असायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर पडदा काळा. काळाकुट्ट. मी तुला फोन लावायचो, "सलीम, तुन्हा पडदा परत काया शे." तू तिकडून हसायचास. "मशीन जित्तं शे रे. फक्त तोंड दखाडत नई." मग तू यायचास, कुठलीतरी बटणं दाबायचास, काळ्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकायची, तू ती वाचायचास, तोंडानं च्यक् करायचास आणि शेवटी एकदाचं चित्र उमटायचं. मला वाटायचं हा माणूस मुद्दाम बिघडवतो, म्हणजे दुरुस्त करायला मिळेल. तसं मी तुला तोंडावर म्हणालोही आहे. तुला राग आला नाही. तुला कधीच राग येत नव्हता, ह्याचाही मला वीट आला होता.

आणि तुझी तंबाखू! तळहातावर चुना लावून मळायचास आणि तीच बोटं घेऊन कीबोर्डवर बसायचास. कीबोर्ड उलटा करून आपटला की टेबलावर तंबाखूचा चुरा पडायचा. चुन्यानं स्पेसबार पांढरा झालेला. पोरांनी चपला बाहेर काढायच्या आणि गुरुजींनी आत चुना सांडायचा. परवा मी तो कीबोर्ड उलटा केला तर पुन्हा चुरा पडला. मला किळस आली. मग पुसावा की नको हे समजेना, म्हणून तसाच बसून राहिलो.

शेवटचं तू काय केलंस ते आठवतंय ना? मुख्य मशीनवर नवीन लिनक्स टाकलंस. बाकीची सगळी मशीनं ह्या एकावर चालतात, हे बंद तर सगळी बंद, हीही तुझीच करामत. टाकून झाल्यावर मला म्हणालास, तुझ्यासाठी मराठी कळफलक लावला, मशीन सुरू झालं की तुझी लिहायची खिडकी आपोआप उघडेल, तुला कुठं टिचकी मारायलाही नको. मी म्हणालो, पडदा तर काळा आहे, खिडकी घेऊन काय करू? तू म्हणालास, ते उद्या बघतो. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस, तुझी बातमी आली. असं अर्धवट काम टाकून कुणी जातं का?

मग अध्यक्षांची योजना कळली. शहाद्यात त्यांच्या भाच्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. भाचा नवीन मशीनं देणार, खोलीला तुझं नाव देणार, दारावर तुझी पाटी, आणि तुझी जुनी मशीनं भंगारात. शोकसभेतच जाहीर करायचं, म्हणजे लोक टाळ्या वाजवतील. भंगाराचा टेम्पोसुद्धा त्याच दिवशी बोलावलेला. मी सकाळी शाळेत आलो तर फाटकात फ्लेक्स आणि फ्लेक्सखाली टेम्पो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मशीनसाठी मी तुझं डोकं खाल्लं, त्याच मशीनसाठी हेडसरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलो. मी! तू असतास तर हसून हसून मेला असतास.

हेडसर वाईट माणूस नाही, भित्रा आहे. ते म्हणाले, "पाटील सर, मुख्य मशीनचा पडदाच लागत नाही, मी अध्यक्षांना काय सांगू? सभा संपेपर्यंत चालू करून दाखवा. चालू झालं तर मी शब्द टाकतो. नाही झालं तर टेम्पो भरू द्या."

म्हणून मी हॉलात नव्हतो. चपला दारात काढल्या आणि तुझ्या खुर्चीत बसलो.

सलीम, तू जे जे करताना मी बघितलं होतं ते सगळं केलं. मशीन सुरू केलं. सुरुवातीची पांढरी अक्षरं आली, म्हणजे जित्तं आहे. मग गच्च अंधार. तू कंट्रोल, ऑल्ट आणि वरचं एक बटण दाबायचास, तसं दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं पुन्हा आली, नाव विचारलं. तिथून परत चित्राकडे आलो तर पुन्हा अंधार. दुसरा मॉनिटर लावून बघितला, काळा. वायर बदलली, काळा. सुरू होताना सेफ मोड निवडता येतो असं तू म्हणायचास, तो निवडला, तरी काळा. ग्राफिक्सचं जे काय असतं ते पुन्हा टाकावं म्हटलं तर इंटरनेट नाही. एक गोष्ट तेवढी चमत्कारिक होती. त्या काळ्यात माउसचा बाण दिसायचा. इवलासा पांढरा बाण. उजवीकडे नेला की कडेवरून पलीकडे जायचा आणि नाहीसा व्हायचा. डावीकडे ओढला की परत यायचा. मला वाटलं हेही बिघडलंय. तू असतास तर त्या बाणावरूनच ओळखलं असतंस, मी मराठीचा मास्तर, मला काय कळणार?

तेवढ्यात भिंतीपलीकडे सभा सुरू झाली. लाउडस्पीकर एवढा मोठा लावलेला की लॅबच्या खिडक्या थरथरत होत्या. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मला ते ऐकायचं नव्हतं, पण कान कुठे झाकणार? माझे हात कीबोर्डवरच होते. पडदा काळा, कोण वाचतंय, म्हणून मी बोटांनी बडबड करायला लागलो. ते तिकडे बोलत होते आणि मी इकडे आपटत होतो.

ते म्हणाले, सलीम सर आमच्या कुटुंबातले होते. मी टाइप केलं, कुटुंबातला होता तर एकदा तरी त्याला घरात बोलावून चहा पाजलात का? ते म्हणाले, सरांनी कधी कशाची तक्रार केली नाही. मी आपटलं, खोटं, साफ खोटं, लॅबचं छत गळतं म्हणून तो तुमच्या ओसरीवर उभा राहायचा आणि आतून निरोप यायचा की साहेब जेवताहेत. ते म्हणाले, असा देवमाणूस पुन्हा होणे नाही. इथे माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, देवमाणूस नव्हता, चुनाखाऊ होता, तंबाखू मळून बोटं कीबोर्डला पुसायचा, मुलखाचा हट्टी होता, चालती मशीनं बिघडवायचा आणि वर हसायचा. ते म्हणाले, त्यांचं स्वप्न आम्ही पूर्ण करू. मी लिहिलं, त्याचं स्वप्न भंगारात न्यायला फाटकात टेम्पो उभा केलाय तो आधी हलवा.

पलीकडे काहीतरी गलबला झाला. कुणीतरी हसलंसुद्धा. मला वाटलं अध्यक्षांनी विनोद केला. शोकसभेत विनोद! मला आणखी घाण वाटली. मग मी त्यांचा नाद सोडला आणि तुझ्याशी बोलायला लागलो. म्हणजे बोटांनीच. लिहिलं की सलीम, ह्या लोकांचा मला उबग आलाय. लिहिलं की मी आजही म्हणतो तुझं लिनक्स फालतू आहे, पण दुसऱ्या कुणी ते म्हटलेलं मला खपत नाही. लिहिलं की मधल्या सुट्टीत आता डबा उघडवत नाही, समोर भांडायला कुणी नसलं की घास घशाखाली उतरत नाही, आणि तू मला असं एकट्याला जेवायला बसवून गेलास ह्याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

एवढ्यात रतन दारात आला. आपला शिपाई रतन, कधी धावत नाही, तो धावत आला होता. चपलासुद्धा काढल्या नाहीत त्यानं.

"सर, हात उचला तठून. तुम्ही लिखतस ते समदं भितवर दखाई ऱ्हायनं."

मला आधी कळेना. मग तो हाताला धरून मला हॉलच्या दाराशी घेऊन गेला. सलीम, अध्यक्षांच्या पाठीमागे, हार घातलेल्या तुझ्या फोटोच्या वर, सगळ्या भिंतीभर माझी अक्षरं होती. चुनाखाऊ, हट्टी, टेम्पो, डबा, सगळं. सगळा हॉल मान वर करून वाचत होता आणि अध्यक्षांची पाठ भिंतीकडे, त्यांना पत्ताच नाही, ते आपले बोलतच होते.

झालं होतं ते असं. लॅबच्या भिंतीतून भोक पाडून हॉलातल्या प्रोजेक्टरला जाणारी लांब वायर तूच टाकलेली. मशीनच्या मागे एक छोटं कन्व्हर्टर, त्यात ती वायर. प्रोजेक्टर चोरीला जाईल म्हणून हेडसर तो कपाटात कुलूप लावून ठेवतात, पण ती वायर आणि कन्व्हर्टर कायम जागच्या जागी. कन्व्हर्टर लावलेलं दिसलं की मशीनला वाटतं, तिकडे दुसरा पडदा आहे. तिकडे काही असो नसो. नव्या लिनक्सनं त्यालाच मुख्य पडदा धरलं आणि सगळं तिकडे मांडलं, माझी लिहायची खिडकीसुद्धा. लॅबमधल्या मॉनिटरवर उरला तो नुसता रिकामा भाग, आणि तुला डोळ्यांना बरा वाटतो म्हणून तो तू काळा ठेवलेला. जुन्या आवृत्तीत मुख्य पडदा कुठला हे तू सांगून ठेवलं होतंस. नवीनमध्ये सांगायचं राहून गेलं. भाच्याचा लॅपटॉप लावायचा म्हणून रतननं प्रोजेक्टर कपाटातून काढला आणि नेहमीच्या सवयीनं भिंतीतली तुझीच वायर त्याला लावली. बाण उजवीकडे कुठे जात होता, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या रांगेत ब्राह्मणपुरीचे एक म्हातारे पालक बसले होते. त्यांच्या नातीला तू शिकवलंस. ते अध्यक्षांना मध्येच थांबवून मोठ्यानं म्हणाले, "चालूच शे ना हाई मशीन. कोन म्हनस भंगार शे?"

तेव्हा अध्यक्ष मागे वळले. त्यांनी सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग ते म्हणाले, शोकसभा आहे म्हणून गप्प बसतो, आणि खाली बसले. नव्या खोलीचं, पाटीचं, भाच्याचं काही बोलले नाहीत. हेडसरांनी घाम पुसला आणि माइक हातात घेऊन, भित्रा माणूस तो, पण म्हणाला की मशीन चालू आहे हे सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा लॅब आहे तशी राहील, आणि ती पाटील सर सांभाळतील. टेम्पो रिकामा परत गेला. मला बहुतेक नोटीस येईल. आणि तुझ्या लॅबची किल्ली माझ्या खिशात आली. ज्या गोष्टीचा मला आयुष्यभर वीट, ती माझ्याच गळ्यात. झालं समाधान?

सभा उठल्यावर मी लॅबमध्ये आलो आणि मशीनमागचं ते कन्व्हर्टर उपटून काढलं. एका क्षणात मॉनिटर उजळला. खिडकी इकडे आली, माझ्या सगळ्या शिव्यांसकट. एवढंच करायचं होतं, सलीम. एक वायर काढायची होती. मी कपाळाला हात लावून बसलो.

दारात चपला काढल्याचा आवाज झाला. मुमताजआपा होती. भाभी, तुझी बायको, इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर काही महिने घराबाहेर पडायची नाही, म्हणून घरातून आपाच सभेला आली होती. मी उभा राहिलो. मला तोंड लपवावंसं वाटलं. ज्या बहिणीनं तुला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या देखत, भरल्या हॉलात मी तुला चुनाखाऊ म्हणालो होतो. मी म्हणालो, आपा, मला ठाऊक नव्हतं ते भिंतीवर दिसतंय. तिनं स्वतः शिवलेल्या एका कव्हरावरून हात फिरवला आणि मॉनिटरसमोर वाकून ते सगळं पुन्हा वाचलं, ओठ हलवत. चुन्याशी आली तेव्हा तिला हसू फुटलं आणि ते हसू थांबेपर्यंत ती रडायला लागली होती. भाभीनं मला फोनवर सांगितलं होतं की तुला नेलं तेव्हापासून आपाच्या डोळ्यांत पाणी नाही, सगळ्यांना त्याचीच भीती वाटतेय.

बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "सुरेश," ती म्हणाली, "जो येस तो फरिश्ता व्हता म्हनस. मन्हा सलीम मले सापडत नव्हता. आज भितवर सापडी गया."

मग तिनं तुझी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पोरांच्या बाकावर बसली. म्हणाली, अजून लिही, सगळं लिही, काही गाळू नकोस.

म्हणून हे लिहितोय. ती शेजारी बसून वाचते आहे. कॉलेजात तू माझी सायकल तापीच्या गाळात घातलीस ते लिहिलं तेव्हा तिनं डोळे पुसले, आणि मी थांबलो की पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघते. सलीम, तुझ्या खोड्या, तुझा हट्ट, तुझा घाणेरडेपणा, जे जे आठवेल ते मी लिहिणार आहे. फक्त ते लवकर संपू नये, एवढीच मला भीती आहे.